ज्याचं दुःख, त्याचेच प्रश्न : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकातल्या टिपणात एका संशोधनपद्धतीची ओळख करून दिली होती. सुदान, सोमालिया, काँगो, इरिट्रिया अशा देशांतून परागंदा झालेल्या कृष्णवर्णीय निर्वासितांना मनाच्या त्रासात कसला आधार मिळतो, कसला मिळत नाही, याचा शोध तिथे निर्वासितच घेतात. प्रश्न ते ठरवतात, मुलाखती ते घेतात आणि उत्तरांचा अर्थही तेच लावतात. अशा माणसांना आपण सहसंशोधक म्हणू. टिपणावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

निर्वासित तो निर्वासित. त्यात ‘कृष्णवर्णीय’ असा वेगळा गट कशाला? आणि हे आपल्याकडे वाचून उपयोग काय?
*— निवृत्त शिक्षक, होटगी रोड*

सर, वेगळा गट करावा लागतो, कारण त्यांच्या वाट्याला दोन ओझी येतात. एक घर सुटल्याचं, दुसरं कातडीच्या रंगाचं. २०२२ साली युक्रेनमधून लोक बाहेर पडत होते तेव्हा सीमेवरच्या रांगांत आफ्रिकी विद्यार्थ्यांना मागे ठेवल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. युद्ध एकच होतं, रांगही एकच होती, वागणूक मात्र वेगळी. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल होणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन पट आहे. ज्या दवाखान्याचं नाव काढलं की सक्तीने दाखल झालेला ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर येतो, तिथे कोणी आपण होऊन पाऊल टाकत नाही. ही भीती बाहेरच्या मुलाखतकाराला सांगितली जात नाही, त्याच वाटेने आलेल्याला सांगितली जाते. ही पद्धत वापरायची ती त्यासाठी.

आपणही यातून सुटलेलो नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली होती. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. आफ्रिकेतून आलेल्यांची नोंदणी इथे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते. सोलापुरात या पद्धतीचा उपयोग दुसऱ्या कामासाठी आहे, ते पुढच्या पत्रात येतंच.

मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांच्या मानसिक ताणावर प्रकल्प करायचा आहे. आमच्याच पद्मशाली या तेलुगू भाषिक विणकर समाजातली चार मुलं मुलाखती घ्यायला तयार आहेत. म्हणजे ही पद्धत झाली ना?
*— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर*

अजून नाही झाली. मुलं पद्मशाली आहेत म्हणून ती कामगारांच्यातली ठरत नाहीत. कारखानदारही पद्मशालीच असतो. रात्रपाळी केलेला, मालकाकडून उचल घेऊन अडकलेला, माग विकले गेल्यावर घरी बसलेला असा माणूस मुलाखत घेणार असेल, तर तो आपल्यातला. जातीने जवळचा आणि पेशाने मालकाच्या घरातला मुलगा समोर बसला, तर उचलीचा विषय निघणारच नाही. निर्वासितांच्या बाबतीत हीच चूक मोठी होते. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ पासून जो संघर्ष पेटला, त्यात डिंका आणि न्यूर हे दोन समाज एकमेकांसमोर उभे राहिले. छावणीत न्यूर बाईसमोर डिंका मुलाखतकार बसवला आणि कागदावर लिहिलं ‘दोघं एकाच देशाचे’, तर ती मुलाखत कोरीच राहणार.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. तुमची प्रश्नावली आधीच छापून तयार असेल आणि मुलं ती फक्त भरून आणणार असतील, तर ते स्वस्तातलं सर्वेक्षण आहे. नाव काहीही द्या. प्रश्न छापायच्या आधी सहसंशोधकांसोबत निदान दोन बैठका घ्या. ‘तुम्हाला नैराश्य येतं का?’ हा प्रश्न ते पहिल्या बैठकीतच खोडतील. त्याच्या जागी ‘पाळी संपवून घरी आल्यावर पहिला तासभर कसा जातो?’ असं काहीतरी येईल, आणि त्यातून जास्त कळेल.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी वापरण्याचा मोह होईल. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त झाले की पुढे तपासा असा सर्वसाधारण संकेत आहे. माग कामगारांत ती जपून वाचावी लागते. झोप, थकवा, भूक आणि लक्ष लागणं हे तिच्यातले चार प्रश्न. बारा तासांची पाळी आणि आठवड्याआड रात्रपाळी असलेल्या धडधाकट माणसालाही या चारांत गुण पडतात. म्हणून चाचणीसोबत पाळी कोणती, ती केव्हा बदलली, हे लिहून घ्याच. शिवाय नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला कोणी ‘हो’ म्हटलं तर त्याच दिवशी काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर ती चाचणी घेऊच नका.

जागेचं म्हणाल तर कारखान्यात मुलाखत नको. मालक असतो हे एक. दुसरं असं की वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात काम करून अनेकांना कमी ऐकू येतं आणि तेही मोठ्याने बोलतात. पत्र्याच्या खोलीत घेतलेली ‘खासगी’ मुलाखत शेजारच्या तीन घरांना ऐकू जाते. समाजमंदिराची दुपारची रिकामी वेळ, शाळेचा सुट्टीतला वर्ग, ओळखीच्या दवाखान्यातली मागची खोली, यांतलं काहीतरी बघा. जागा नक्की करण्याआधी एकाला आत बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून ऐकावं.

शिक्षण नसलेल्या माणसांकडून असलं नाजूक काम करून घेणं धोक्याचं नाही का? हे डॉक्टरांचं काम.
*— एक डॉक्टर वाचक, सात रस्ता*

आजार ओळखणं आणि औषध देणं हे डॉक्टरांचंच काम, त्यात कोणी हात घालू नये. पण ऐकून घेणं, अडचणींचा गुंता सोडवायला मदत करणं, हे प्रशिक्षित सामान्य माणसं करू शकतात, आणि त्याचे पुरावे आफ्रिकेतूनच आले आहेत. झिंबाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत २००६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी चौदा आज्यांना घेऊन ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आजी सहा बैठकांत एकेक अडचण सोडवायला शिकवते. २४ दवाखाने आणि ५७३ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सहा महिन्यांनंतर आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं स्पष्ट कमी होती.

युगांडातल्या ऱ्हायनो वस्तीत दक्षिण सुदानच्या ६९४ निर्वासित स्त्रियांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेल्फ-हेल्प प्लस’ या ताण हाताळायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाची चाचणी झाली. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, रेकॉर्ड केलेला आवाज, चित्रांचं पुस्तक आणि थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं, एवढाच पसारा. तीन महिन्यांनीही ताण कमी दिसला. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम गावातल्याच स्वयंसेवकांवर उभा राहिला.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. वरची तिन्ही उदाहरणं आधार देण्याची आहेत, संशोधन करण्याची नाहीत. सहसंशोधक मुलाखतीत समुपदेशन करू लागला की दोन्ही कामं बिघडतात. त्याने ऐकायचं, लिहायचं, आणि गरज दिसली तर योग्य ठिकाणी पोहोचवायचं. डॉक्टर, तुमची गरज या शेवटच्या टप्प्यावर आहे. महिन्यातून दोन संध्याकाळी तुमचा फोन चालू असेल, तर कितीतरी प्रकल्पांचं काम सोपं होईल.

आमच्या ट्रस्टला विडी कामगार महिलांबरोबर असा अभ्यास करायचा आहे. खर्च आणि वेळ किती धरावा? सहसंशोधक महिलांना मानधन द्यावं की सेवा म्हणून करून घ्यावं?
*— ट्रस्टच्या सचिव, अशोक चौक*

मानधन द्यायचं, आणि तेही रोख, वेळेवर. विडी हजारावर मोजली जाते. बाई मुलाखतीला गेली की तेवढ्या विड्या कमी आणि आठवड्याचा हिशेब लगेच खाली. ‘सेवा’ म्हणून बोलावलंत तर ज्यांना परवडतं त्याच येतील, आणि ज्यांना परवडतं त्यांना हा ताण फारसा माहीत नसतो.

सहा सहसंशोधक आणि प्रत्येकीच्या चार मुलाखती, म्हणजे एकूण २४, हे पहिल्या कामाला झेपणारं प्रमाण आहे. दिवसांचा हिशेब असा. प्रशिक्षणाचे आठ अर्धे दिवस, म्हणजे प्रत्येकी चार दिवस, सहाजणींचे २४. मुलाखत तासाभराची असली तरी जाणं-येणं, वाट पाहणं आणि नंतर मन शांत होणं धरून तो पूर्ण दिवस मोजा, ते आणखी २४. सहा आठवडे दर आठवड्याला सहसंशोधकांनी मन मोकळं करायची अर्ध्या दिवसाची आधार-बैठक, त्याचे १८. अर्थ लावायच्या अर्ध्या दिवसाच्या पाच बैठका, १५. निष्कर्ष वस्तीत मांडायला दोन, ६. सगळे मिळून ८७ दिवस. समजा रोज ६०० रुपये धरला, तर ५२,२०० रुपये नुसतं मानधन. ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांनाही अर्ध्या दिवसाची भरपाई द्या : ३०० रुपयांप्रमाणे ७,२००.

सगळ्यांच्या अंदाजपत्रकात हमखास चुकतो तो लेखनाचा खर्च. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला सहा तास लागतात. तेलुगूतून मराठीत आणायचं तर नऊ धरा. २४ मुलाखतींचे २१६ तास, रोज सहा तास बसलं तर ३६ दिवस, त्याच दराने २१,६०० रुपये. घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी जणींना ती लिहिता येत नाही. म्हणून एकीने ऐकत मराठीत सांगायचं आणि दुसरीने लिहायचं, असं जोडीने करा. दर पाचव्या मुलाखतीचा दहा मिनिटांचा तुकडा तिसऱ्या बाईकडून पडताळून घ्या. याशिवाय समुपदेशकाची फी, खोलीचं भाडं, रिक्षा, चहा, आणि लहान मुलं सांभाळायला एक बाई. हे शेवटचं कापलंत तर मुलाखती मुलांच्या रडण्यात संपतील.

नैतिकता समितीच्या (अभ्यासात कोणाला इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीपासून वस्तीतल्या सभेपर्यंत नऊ-दहा महिने धरा. चार महिन्यांत उरकू असं सांगणारा माणूस मंजुरीचे दिवस विसरलेला असतो.

मानधनाच्या बाबतीत आपल्याकडे एक मात्र सोपं आहे. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याला काम करायची परवानगी नसते. अर्ज बारा महिने रखडला आणि त्यात त्याची चूक नसेल, तरच ती मागता येते. त्यामुळे तिथे सहसंशोधकाला पगार दिला तर त्याचाच आश्रयाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. प्रवासखर्च द्यायलाही आधी वकिलाला विचारतात. युगांडात मात्र २००६ च्या कायद्याने निर्वासिताला काम करता येतं. आपल्याकडच्या बायांना हा अडसर नाही, तेव्हा पैसे न देण्याला काही सबब उरत नाही.

मला अशा अभ्यासात मुलाखती घ्यायला सांगितलंय. पण आमच्या वसाहतीत सगळे ओळखीचे. उद्या गल्लीत काही बाहेर फुटलं तर माझ्यावरच येईल. काय करू?
*— विडी कामगार, विडी घरकुल*

ताई, ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे आधी. करायचं ठरवलंत, तर आयोजकांकडून काही गोष्टी कबूल करून घ्या.

स्वतःच्या गल्लीत मुलाखत घेऊ नका, दुसरीसोबत गल्ल्यांची अदलाबदल करा. नातेवाईक नको, आणि ज्या ब्रँचला तुम्ही विडी देता तिथलीही बाई नको. मुलाखत सुरू व्हायच्या आधी समोरच्या बाईला विचारा, ‘मी चालेन का, की दुसरी पाठवू?’ कारण विचारू नका. एका दिवसात एकच मुलाखत. ऐकलेलं घरी नवऱ्याला, सासूला, कोणालाही सांगायचं नाही. पण ते पोटात ठेवूनही बसायचं नाही. चोवीस तासांच्या आत तुमचं मोकळं बोलणं ऐकायला प्रकल्पाचा एक ठरलेला माणूस हवा. तो नसेल, तर काम घेऊ नका. दुसऱ्याचं ऐकताना आपलं जुनं दुखणं उघडं पडतं. निर्वासितांच्या अशा अभ्यासांत सहसंशोधक मध्येच गळतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

बाहेर फुटण्याचं म्हणाल, तर नाव काढून टाकल्याने ओळख जात नाही. ‘जुळ्या मुली असलेली, नवरा सुरतला असलेली, चाळीशीची बाई’ एवढं अहवालात छापलं की सगळी वसाहत नाव सांगेल. आयोजकांना विचारा की हे बारकावे कोण बदलणार, आणि छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवणार का.

आणखी एक होईल. बाया विचारतील, ‘या यादीत नाव आलं की घर मिळतं का?’ कुंभारीत कामगारांसाठी झालेल्या घरकुलांमुळे आपल्याकडे कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे घरकुलवाला, अशी समजूत आहे. छावण्यांतही तेच घडतं. मुलाखत दिली की परदेशी वसवतील, असं लोकांना वाटतं. पहिल्याच वाक्यात सांगा : यातून घर, रेशन, कर्ज, काहीही मिळणार नाही, आणि नकार दिला तरी काही बुडणार नाही. हे ऐकून चारजणी उठून गेल्या तर जाऊ द्या.

मुलाखतीत कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर?
*— वरच्याच विद्यार्थिनी*

रेकॉर्डिंग बंद करा. मुलाखत तिथेच संपली.

मग सरळ विचारा : ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. नुसता विचार असेल आणि बेत नसेल, तर त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलणं करून द्या. बेत आणि साधन दोन्ही असेल, तर माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातल्या त्याच्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, मात्र कोणाला ते त्यालाच विचारून. कीटकनाशक, गोळ्या, दोर घरातून दूर करायला सांगायचं आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोबत जायचं. पत्ता हातात देऊन घरी निघून येणं याला पोहोचवणं म्हणत नाहीत. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलतात. तो प्रत्येक सहसंशोधकाच्या ओळखपत्रामागे छापा.

पोलिसांची भीती घालणारे भेटतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जाईल आणि त्याच्यावर खटला चालवला जाणार नाही. हे घरच्यांना सांगा, दवाखान्यात न्यायची त्यांची टाळाटाळ कमी होते.

आणि संमती घेतानाच हे स्पष्ट करून ठेवा : ‘तुमचं बोलणं आमच्यातच राहील, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, तर मी आमच्या एका माणसाला सांगेन.’ हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

कामगार संमतिपत्रावर अंगठा द्यायला घाबरतात. सही नसेल तर अभ्यास बाद होतो का?
*— प्राध्यापक, विजापूर रोड*

नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन उचल घेतलेल्या माणसाला तुमचा छापील कागदही तसाच दिसतो. आश्रयाच्या प्रत्येक अर्जावर सही करून करून धास्तावलेल्या निर्वासितालाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, योग्य कारण असेल तर नैतिकता समितीच्या परवानगीने तोंडी संमती साक्षीदारासमोर किंवा रेकॉर्ड करून घेता येते. कारण अर्जात लिहा. समिती सहसा विचारते ती साक्षीदार कोण हे. तो मालकाचा किंवा मुकादमाचा माणूस नसावा.

निष्कर्ष काढताना आमच्या मार्गदर्शकांनी सहसंशोधकांना बोलावलंच नाही. म्हणाले, विश्लेषण तांत्रिक असतं. बरोबर आहे का?
*— नाव न देता, भद्रावती पेठ*

बरोबर नाही. या पद्धतीचा जीवच तिथे आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच ढेपाळतात. विश्लेषणातला तांत्रिक भाग शिकवता येतो. चार मुलाखतींच्या प्रती मोठ्या अक्षरांत छापा. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. महत्त्वाचं वाक्य आलं की कापून वेगळ्या चिठ्ठीवर चिकटवा, मग जमिनीवर चिठ्ठ्यांचे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या. वाद होतील, ते लिहून ठेवा. ‘सासू बोलते म्हणून डोकं दुखतं’ ही चिठ्ठी मार्गदर्शक ‘कौटुंबिक कलह’ या ढिगात टाकतील. विडी वळणारी बाई ती ‘पानं कमी मिळाली’ या ढिगात टाकेल, कारण पानं कमी तर विड्या कमी, आणि विड्या कमी तर सासूचं बोलणं सुरू. दोन्ही ढिगांवरून निघणारे उपाय अगदी वेगळे आहेत.

अहवालावर सहसंशोधकांची नावं त्यांना विचारून टाका, काहींना नको असतात. वस्तीतली सभा अहवाल छापायच्या आधी घ्या, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते.

रेकॉर्डिंग मोबाइलवर केलं तर चालेल?
*— विद्यार्थी, दत्त नगर*

स्वतःच्या मोबाइलवर नको. तो घरात चार हातांत फिरतो, आणि रेकॉर्डिंग आपोआप गूगलच्या खात्यावर चढू शकतं. प्रकल्पाचा वेगळा रेकॉर्डर घ्या, किंवा सिमकार्ड नसलेला, खातं न जोडलेला फोन. फाइलला नाव नको, ‘क-०४’ असा क्रमांक द्या, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फाइल पाठवू नका. लिखाण पडताळून झालं की समितीला कळवलेल्या मुदतीत आवाज पुसून टाका आणि पुसल्याची तारीख त्याच वहीत लिहा.